आत्याची मुदत ठेव आणि शेठची सही

आमच्या पत्रकात लिहिलेलं सगळं बरोबर होतं, आणि हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पैसा मुदत ठेवीत ठेवा. पावती घ्या. बँकेचं काही बरंवाईट झालं तरी ठरलेल्या रकमेपर्यंत ठेवीला विमा आहे. नुसत्या शब्दावर कुणाकडे पैसा ठेवू नका. शिरूरच्या आमच्या मंडळानं हे स्वस्तातल्या गुलाबी कागदावर छापलं आणि मी पिशवी भरून एसटीनं दौंडला आत्याकडे निघाले. वरवंडला गाडी थांबली तेव्हा भेळवाल्यालाही एक पत्रक दिलं. त्यानं माझी भेळ त्यातच बांधून दिली.

आत्या रेल्वेच्या लोको शेडमागच्या आमच्या बौद्ध वस्तीत राहायची. तिचे यजमान रेल्वेत खलाशी होते. ते गेल्यावर जो फंड हाती आला तो तिनं बाजारपेठेतल्या कापडाच्या शेठकडे नेऊन ठेवला. पावती नाही, कागद नाही. वस्तीतल्या निम्म्या घरांचा पैसा त्याच्याकडेच. व्याज कुणी रोख मागत नसे. एप्रिलात जयंतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी दुकानात जायचं आणि व्याजाचं कापड घ्यायचं. बायकांना लुगडी, पोरांना सदऱ्याचं कापड, विहारावर लावायला निळं. व्याज किती, कोणत्या दरानं, हे विचारायची पद्धतच नव्हती. कापड मिळालं म्हणजे मुद्दल जागेवर आहे, असं सगळे धरून चालले होते.

मला हे ऐकूनच संताप यायचा. कारण आत्याचा तो पैसा एकाच कामासाठी होता. माझ्या आतेबहिणीला पुण्याला नर्सिंगला घालायचं होतं. ती मॅट्रिकला होती. प्रवेश मिळाला की अनामत आणि वसतिगृहाचे पैसे एकदम भरायचे, नाहीतर जागा दुसरीला जाणार. आणि हे सगळं शेठच्या गल्ल्यात, शेठच्या मर्जीवर.

मी विहारात बायकांपुढे पत्रक खड्या आवाजात वाचलं. आत्याची शेजारीण पुढेच बसली होती.

"बँक चहा देती का गं?" तिनं विचारलं.

"चहा कशाला हवा? व्याज देते."

"शेठ दोन्ही देतो."

सगळ्या हसल्या. शेठ चहा देतो हे खरं होतं. दुकानाच्या पायरीवर, कानतुटक्या कपात. तो कप वेगळा ठेवलेला असतो हे त्या बायकांनाही माहीत होतं आणि मलाही. मी ते बोलून दाखवलं तर शेजारीण म्हणाली, "ते आमाला सांगू नको, पोरी. आमी रोज बघतो. बँकेत कपच न्हाई म्हंजी भेद न्हाई, व्हय?"

पोस्टाचं नाव काढलं तर आत्या म्हणाली, "पोस्टातला गडी समोरच्या घरात ऱ्हातो. माझं किती हाय ते सांजच्याला सगळ्या वस्तीला कळंल."

शेवटी आत्या बँकेला तयार झाली, पण माझ्या भाषणामुळे नाही. तिनं शेठला सहज विचारलं होतं, पोरीच्या वेळेला सगळे एकदम मिळतील ना, आणि शेठ म्हणाला होता, "माल भरलेला नसला तर मिळतील की." हे 'माल भरलेला नसला तर' तिच्या मनातून जाईना.

बँकेत गेलो. बँका सरकारी झाल्या, आता त्या गरिबांच्या, असं आम्ही पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. काउंटरवरच्या साहेबांनी आत्याकडे बघितलं आणि विचारलं, "ओळख कुणाची?"

"मी लोको शेडच्या मागं ऱ्हाते, साहेब."

"पत्ता नाही विचारला. या शाखेत ज्याचं खातं आहे त्यानं तुम्हाला ओळखतो म्हणून सही करायची. त्याशिवाय खातं उघडत नाही."

"सगळं दौंड मला ओळखतंय."

"सगळ्या दौंडचं आमच्याकडे खातं नाही, बाई."

मी मधे पडले. ठेवीला विमा आहे, बँक जनतेची आहे, सगळं सुनावलं. साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, विमा ठेवीला आहे. आधी ठेव तरी होऊ द्या." माझ्या ओळखीचे शिक्षक होते, पण त्यांचं खातं शिरूरला. ते चालणार नव्हतं. मग आम्ही वस्तीत घरोघर विचारत फिरलो. एकाचंही खातं नाही. कसं असणार? ज्याला खातं हवं त्याला खातेवाला हवा, आणि वस्तीत पहिला खातेवाला कधी झालाच नव्हता. हा नियम कुणी आमच्यासाठी मुद्दाम केला नसेल, पण तो बसला होता नेमका आमच्याच उंबऱ्यावर.

आत्याला ओळखणारा आणि त्या शाखेत खातं असणारा एकच माणूस होता. शेठ.

मी म्हणाले, त्याच्याकडून पैसे काढायचे आणि सहीही त्याचीच घ्यायची, ही लाज आहे. आत्या म्हणाली, "लाज तुला वाटतीय. माझी पोर जायाची हाय." आणि पदर सावरून चालू लागली.

शेठनं सगळं ऐकून घेतलं. पायरीवर चहा आला. आत्यानं तो घेतला, मी घेतला नाही.

"करतो की सही," शेठ म्हणाला. "वहिनींना मी ओळखत नाही तर कोण ओळखतं? पण एक बघा. निम्मे बँकेत न्या, निम्मे इथं राहू द्या. सगळेच नेलेत तर लोक म्हणतील शेठवरचा विश्वास उडाला."

"हा अडवणुकीचा धंदा आहे," मी म्हणाले.

"शिरूरच्या का या?" शेठनं आत्याला विचारलं. आत्यानं मान हलवली. माझ्याशी तो बोललाच नाही.

आत्यानं निम्म्यावर मान्य केलं. शेठनं स्वतः बँकेत येऊन सही केली, साहेबांनी उठून त्याला खुर्ची दिली, आणि आत्याला बचत खातं व मुदत ठेवीची पावती मिळाली. मी मंडळात येऊन म्हटलं, पत्रकात ओळखीच्या सहीचं लिहा. उत्तर मिळालं, अशा अडचणी लिहिल्या तर लोक घाबरतात.

मॅट्रिकचा निकाल लागला, प्रवेश मिळाला. ठेव मोडली, बँकेनं व्याज थोडं कापलं पण पैसे त्याच दिवशी हातात दिले. त्यातून अनामत भागली. वसतिगृहासाठी आत्या शेठकडे गेली, तर माल भरलेला होता. शेठ म्हणाला, रोख आता नाही, पण पोर नर्स होतीय ना, तिला पांढरं लागणारच. आणि पांढऱ्या कापडाचे तागे घरी पाठवून दिले. एका मुलीला सात जन्म पुरेल इतकं पांढरं. वसतिगृहाचे पैसे आत्यानं कानातली मोडून भरले. पोर गेली पुण्याला, ते महत्त्वाचं. पण वस्तीत बोलणं झालं ते असं, की बघा, शेठनं शब्द पाळला. मी डोकं आपटून घ्यायची बाकी होते.

पुढे दिवाळीनंतर दौंडला गेले तर आत्या मला घेऊनच बँकेत निघाली. बरोबर ती शेजारीण. तिलाही शेठनं निम्मेच सोडले होते. काउंटरवर तेच साहेब.

"ओळख कुणाची?"

"माझी," आत्या म्हणाली.

"किती वर्षं ओळखता यांना?"

"नळावर हिनं माझी घागर फेकली, तवापासनं."

"वर्षं सांगा, बाई."

आत्यानं वर्षं सांगितली आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. साहेबांनी तिला खुर्ची दिली नाही.

बाहेर आल्यावर शेजारणीचं तोंड पडलं होतं. "आता जयंतीला निळं कुठनं आणायचं गं? शेठ तर देणार न्हाई. पैसं काढलं त्यांचं कापड बंद, म्हनला."

मी व्याजाच्या रोख पैशांचं सांगायला लागले. आत्यानं मला हातानं थांबवलं.

"माझ्या घरात पांढरं पडलंय ढिगानं," ती म्हणाली. "रंग तेवढा आण. भिजवू दोघी."