लाजाळूची साक्ष

बैलबाजारात माझी उमर गेली. उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबायची आणि न बोलता सौदा ठरवायचा. थोरल्या भावानं मला रिकाम्या हातानं घराबाहेर काढलं, तेव्हापासून या बोटांवरच मी उभा राहिलो. पण बायकोची उजवी बाजू लुळी पडली आणि तिचा हात हातात धरला की तिचं बोट हललं की माझंच, हे मला कळेना.

"भास हाय तुला," आता तिला बघायला येणारा थोरला म्हणायचा.

म्हणून पाली गावच्या रोपवाटिकेतून घासाघीस करून लाजाळू आणली.

"मूळव्याधीच्या औषधाला पाहिजे का?" माळ्यानं विचारलं.

"साक्षीला पाहिजे," मी म्हणालो.

लाजाळूला ऊन आणि ओल दोन्ही लागतात, म्हणून कुंडी खिडकीत ठेवली. रोज सकाळी बायकोचं बोट पानाजवळ नेऊन मी माझा हात काढून घ्यायचो. पान उघडंच राहायचं.

"दाब ना गं!" मी खेकसायचो. ती डोळे मिटून घ्यायची.

एका सकाळी पान मिटलं, देठासकट खाली झुकलं. मी आनंदानं ओरडलो. दारात थोरला घाम पुसून टॉवेलनं वारा घेत होता.

"वाऱ्यानं बी मिटतंय बे ते."

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. दार लावलं, खिडकी लावली आणि उकाड्यात पान उघडायची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं ते उघडलं.

"आता एकदाच. पाया पडतो तुझ्या."

तिनं डाव्या हातानं कुंडी दूर सारली.

"मघाचं मीच मिटवलं," ती अडखळत म्हणाली. "तेवढंच खरं राहू द्या."