सातवी ओळ

लोर्पू गेफ्लोर आमच्या खात्यात सव्वीस वर्षं टायपिस्ट होती. लढाईत राजधानी मोन्रोव्हियातली आमची कचेरी तीनदा लुटली गेली. खुर्च्या गेल्या, खिडक्यांच्या चौकटी गेल्या, फायली चुलीत गेल्या. टाइपरायटर तेवढा लोर्पूने कापडात गुंडाळून, डोक्यावर घेऊन घरी नेला होता. बंदुका थांबल्यावर तो परत आणला. पगाराचा पत्ता नव्हता, तरी ती रोज आठला हजर. मी शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघायचो.

करार परदेशातल्या एका हॉटेलात झाला. दोन वर्षं हंगामी सरकार, मग निवडणूक. लढणाऱ्या तीन टोळ्यांनी खाती वाटून घेतली. बंदूक खाली ठेवायची ती किंमत होती. आमचे मंत्री वेले तोगबा, हे आम्हाला रेडिओवरून कळलं. नाव कुणालाच ओळखीचं वाटलं नाही. तो जीपमधून उतरला तेव्हा लोर्पूने माझं मनगट पकडलं.

"हा गारपाणी ना रे?"

जनरल गारपाणी. नदीच्या पुलावर त्याचा नाका होता. रांगेतून ज्याला बाजूला काढायचा, त्याला आधी पेलाभर गार पाणी द्यायचा, मग गोळी. लोर्पूचा नवरा तोक्पा शाळेत गणित शिकवायचा. तो ते पाणी तिच्यादेखत प्यायला होता.

तोगबाने तिला ओळखलं नाही. खुर्चीत रेलून म्हणाला, "आई, नेमणूक पक्की व्हायला मला समितीपुढे जायचंय. माझा जीवनपरिचय टाइप कर. एकदम झकास."

जन्म, गाव, मिशनची शाळा, सहावीपर्यंत.

"आणि लढाईच्या वर्षांत?" तिने विचारलं.

"लिही, जनसेवा."

"कुठे?"

"सगळीकडे गं! फार चौकशा करतेस बुवा."

त्याला वाचता जेमतेम यायचं. कागदावर नजर फिरवून त्याने सही ठोकली. प्रत लोर्पूने मला नंतर दाखवली. सातव्या ओळीत होतं: 'पुलावरच्या नाक्यावर शिक्षक तोक्पा गेफ्लोर यांना गोळी घालून ठार केले. साक्षीदार: त्यांची पत्नी, प्रस्तुत टायपिस्ट.'

"अगं, मरशील!"

"समितीत शिकलेली माणसं आहेत. वाचल्यावर तरी बोलतील."

तिसऱ्या दिवशी समितीचे सचिव स्वतः आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज. त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

"बाई, आम्ही सगळ्यांनी वाचलं. फार वाईट झालं. आता ती ओळ काढून परत टाइप करा."

"खोटं आहे म्हणता?"

"खोटं कोण म्हणतंय? टोळ्यांच्या यादीत पंधरा नावं आहेत. पंधराही जणांची अशी एकेक ओळ निघेल. त्यांना घरी पाठवलं तर उद्या पुलावर पुन्हा नाका लागेल. मग किती बायकांचे नवरे जातील?"

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"नको, आणखी चार जणांना कळेल. तुम्हीच करा. नाहीतर हा कागद मला तोगबांना वाचून दाखवावा लागेल." आवाज जराही चढला नाही. "घरी दोन नाती आहेत ना तुमच्या?"

लोर्पूने नवा कागद चढवला. सातव्या ओळीशी थांबली.

"इथे काय घालू? जनसेवा वर झालीय."

"शांततेसाठी योगदान," सचिव म्हणाले.

तिने टाइप केलं. मग तोंडावर रुमाल दाबून ती बाहेर गेली, आणि सचिव 'दुसरी प्रत' म्हणून तोगबाची सही घ्यायला तो कागद फायलीत नीट लावत बसले.

शपथविधीला तोगबाने आख्खी कचेरी नेली. सगळ्यांसमोर तिचा हात उंच धरून म्हणाला, "ही आमची आई! हिच्यामुळे माझा कागद एका फटक्यात पास!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दोन वर्षं तिने त्याची पत्रं टाइप केली. मुदत संपली, तो निवडणुकीला उभा राहायला निघाला. जाताना तिच्या टेबलाशी थांबला.

"आई, इतकी वर्षं विचारलंच नाही. नवरा काय करतो तुझा?"

"शिक्षक होता."

"होता म्हणजे?"

"वारला."

"अरेरे," तोगबा म्हणाला, आणि त्याने ड्रायव्हरला हाक मारली.