काठोकाठ भरलेला ग्लास

इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. मरोळच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं तयार माल मोजून पास-नापास करायचं काम केलं. जे मोजता येत नाही ते नसतंच, अशी माझी समजूत होती. घरात कोणी दृष्ट काढायला लागलं तरी मी उठून बाहेर जायचो. आता वय एकाहत्तर. गेल्या वर्षी जे घडलं ते लिहितोय... पण त्याआधी एक जुनी गोष्ट कबूल करायला हवी. तिच्याशिवाय या अनुभवाला अर्थ नाही.

दत्ताराम माझा साडू. माझी बायको मंगल, तिची मोठी बहीण सुमनताई, त्यांचा नवरा. मूळचा मालवणचा, मुंबईत बसवर ड्रायव्हर. माणूस साधा, पण गाडी अशी चालवायचा की बसलेल्याला कळू नये. नवशिक्यांना शिकवताना तो समोर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. त्याची युक्ती एकच होती. गाडी पूर्ण थांबायच्या क्षणभर आधी ब्रेकवरचा पाय किंचित सोडायचा. मलाही शिकवायचा. "शशी, पाय ढिलो सोड रे... ढिलो!" मला ते कधीच जमलं नाही.

सासुरवाडीत दोन जावई असले की तुलना होतेच. मी डिप्लोमावाला, पगार जास्त, मुलुंडला स्वतःचा फ्लॅट. तरी कुठे जायचं ठरलं की सासूबाई म्हणणार, "दत्ताराम चालवणार असेल तर येते." मंगलसुद्धा म्हणायची, "भाऊजी असले की झोप लागते बाई." हे ऐकून मी किती जळायचो, ते मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची सेडान मागून आम्ही एका साखरपुड्याला निघालो. माझं लायसन्स नवंकोरं. दत्ताराम चालवायला बसत होता, मी हट्टाने चावी घेतली. पवईच्या उतारावर एक सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक मारला, गाडी फिरली आणि विजेच्या खांबावर आदळली. सासूबाईंचं मनगट मोडलं. सुमनताई आणि मंगल दोघी त्यांना घेऊन रिक्षात बसल्या. माणसं जमायला लागली.  दत्ताराम हळूच म्हणाला, "उतर तू. मी हय बसतंय."

पोलिसांत त्याचं नाव लागलं. बायकांना त्याने सांगितलं, "दोष शशीचो नाय. सायकल आडवी येताच मी हात घातला स्टेअरिंगला, माझीच चूक." घाबरलेल्या माणसांनी ते खरं धरलं. बातमी त्याच्या ऑफिसात पोचली. पंचवीस वर्षं विनाअपघात चालवल्याबद्दल त्याचा त्याच वर्षी सत्कार व्हायचा होता. यादीतून नाव गेलं.

मी गप्प बसलो. एवढंच केलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी विनोद करायचो, "आमचे साडू! बस आयुष्यभर सरळ चालवली आणि मेव्हणीच्या नवऱ्याच्या शेजारी बसून खांब शोधला!" लोक हसायचे. त्याने माझ्यासाठी जे केलं त्याचासुद्धा मला हेवा वाटायचा. मोठेपणातही तोच पुढे.

दोन वर्षांपूर्वी तो गेला.

आता गेल्या वर्षीचं. दत्तारामची मुलगी मुग्धा अंधेरीला नोकरी करते. तिला सेडान घ्यायची होती. गाड्यांच्या एका मासिकाला त्यांच्या तुलना-चाचणीसाठी एक साधं कुटुंब हवं होतं. तीन कंपन्यांच्या तीन सेडान, तोच रस्ता, तीच माणसं आणि साठीच्या पुढचा एक चालक. मुग्धाने परस्पर माझं नाव दिलं. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता तरी माझी पाळी.

रविवारी सकाळी सातला मुलुंडहून निघालो. भांडुप, कांजूरमार्ग, पवईचा उतार, मरोळ आणि परत. तीन गाड्या, तीन फेऱ्या. शेजारी मुग्धा, मागे दोघी बहिणी आणि त्यांच्यामध्ये मासिकाचे केदार, चाळिशीचे गृहस्थ. त्यांच्या फोनवर गाडीचे हिसके आलेखात उमटत होते. आम्हा प्रत्येकाला गुण द्यायला कागद.

पांढऱ्या गाडीत मंगल म्हणाली, "डिकीत गणपतीचं सामान मावेल, पण सीट इतकी खाली आहे की उठायला क्रेन लागेल."

"आई गं, माझा गुडघा!" सुमनताई म्हणाल्या. "यांना विचारलं असतं तर बसायच्या आधीच सांगितलं असतं."

झालं सुरू! गाडी राखाडी असो नाहीतर पांढरी... भाऊजी असते तर, बाबा असते तर. त्यातच मुग्धाने पिशवीतून स्टीलचा ग्लास काढला. "काका, बाबांची टेस्ट करू या ना! उताराच्या पायथ्याला सिग्नलपाशी ब्रेक मारायचा. बघू कुठली पास होते." केदारना कल्पना भलतीच आवडली.

पांढऱ्या गाडीत निम्मं पाणी मुग्धाच्या मांडीवर. राखाडी गाडीत तर केदारांचा चष्माच पुढे आला. मंगल म्हणाली, "अहो, गाडीची परीक्षा आहे की आमची?" सुमनताई दोन्ही फेऱ्यांत वरचं हँडल धरून रामरक्षा म्हणत होत्या. त्यांचं हे ठरलेलं. दत्ताराम सोडून इतर कोणाच्याही गाडीत त्या असंच बसायच्या.

तिसरी निळी. उतारावर मी दात-ओठ खात होतो. मेलेल्या माणसाशी शर्यत लावून बसलो होतो, आणि हरत होतो. जिथे मी खांबाला धडकलो होतो त्याच्या थोडं पुढे डावीकडून एक रिक्षा एकदम आडवी घुसली.

मी ब्रेकवर सगळा भार टाकला. हे मला स्वच्छ आठवतं, पाऊल दुखलं इतका. आणि थांबायच्या क्षणभर आधी माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही. किंचितच, अर्धा इंचही नसेल... घोट्याखाली हात घालून कोणी सैल करावा तसा. गाडी थांबली. रिक्षा चार बोटांवर.

मुग्धा ग्लासकडे बघत होती. पाणी काठावर फुगून उभं होतं, हललंसुद्धा नाही. केदारांनी फोन पुढे केला. आलेख जवळजवळ सरळ होता. "काका, असा स्टॉप मी आजवर पाहिला नाही!"

"अगदी बाबांसारखं..." मुग्धा म्हणाली.

मग मंगल कुजबुजली, "अहो, मागे बघा."

सुमनताई झोपल्या होत्या. हात मांडीवर, मान सीटवर टेकलेली. मुलुंडला गाडी लावली तेव्हा जाग्या झाल्या आणि सवयीने म्हणाल्या, "पोचलो होय?"

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं लिहायचं ठरवलंय म्हणून सांगतो, पहिला विचार भीतीचा नव्हता. पहिला विचार आला, हेही याने मला मिळू दिलं नाही!

तरी कौतुक मी घेतलं. मासिकात ग्लास हातात घेतलेला माझा फोटो छापून आला. सोसायटीत मिरवला.

मुग्धा म्हणते, नव्या गाड्यांत ब्रेक आपोआप सांभाळतात. पण ती यंत्रणा चालते तेव्हा पेडल थरथरतं, ते मी राखाडी गाडीत अनुभवलं होतं. हे तसं नव्हतं. मुग्धाने पुढे निळीच घेतली. मी त्याच उतारावर, तोच ग्लास ठेवून, तीसेक वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी पाणी सांडलं.

शेवटी महिन्यापूर्वी सुमनताईंना जाऊन सगळं सांगितलं. सायकलवाला, स्टेअरिंगला न लावलेला हात, बदललेली जागा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तो खांबाचा विनोद करायचात तेव्हा हेसुद्धा हसायचे, शशिकांतराव."

"हो."

"घरी आल्यावर जेवायचे नाहीत. मला वाटायचं, बाहेर जास्त झालं असेल." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तो खिळा दिसतो? सत्काराचं सन्मानपत्र लावायला आधीच मारून ठेवला होता. काढू देत नव्हते."

मी केदारना फोन केला. म्हटलं, निळ्या गाडीच्या चालकाचं नाव बदला, दत्ताराम लिहा. ते अवघडून म्हणाले, "काका, गेलेल्या माणसाचं नाव कसं छापू?" म्हणून इथे लिहिलं. खांबाला धडकलो तो मी. ग्लास सांभाळला तो दत्ताराम. कसा, ते मला माहीत नाही. चौतीस वर्षं मोजमाप केलेल्या माणसाकडे याचं माप नाही.

सुमनताई माझ्याशी बोलतात, थोडंफार. गुडघ्याच्या डॉक्टरकडे मीच नेतो त्यांना, त्याच निळ्या गाडीतून. त्या रस्त्यात एकदा तरी डोळा लागेल म्हणून मी आरशातून बघत राहतो.

हँडल धरून बसलेल्या असतात. जाग्या.