मी म्हणालो, इकडे बघा

द्वारकाबाईंना त्यांच्या घरातून ओढून काढलं ते १९९१च्या मार्चमध्ये, एका बुधवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. भाईंदर पूर्वेला, मिठागराच्या कडेला. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण मी घड्याळ बघत होतो. अकरा वाजता माझी साखरपुड्याची ऑर्डर होती.

ओढणारे कोण होते ते आम्ही संघटनेच्या पत्रकात छापलं. बिल्डरची माणसं. पत्रक मीच लिहिलं होतं, भाषा कडक होती. एक नाव मात्र मी त्यात घातलं नाही. माझं. म्हणून हे लिहितोय.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा. आईबाप नांदेडकडून आलेले. बाप एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा. मी सेकंडहँड कॅमेरा घेऊन लग्नं, बारशी, साखरपुडे काढायचो. नाक्यावरचा स्टुडिओवाला दुपारी त्याची डार्करूम वापरू द्यायचा. त्याने मला धंद्याच्या दोनच गोष्टी शिकवल्या. सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे पाहिजेत. आणि हललेला फोटो छापायचा नाही, गिऱ्हाईक तोंडावर फेकतं.

संध्याकाळी मी वस्तीतल्या संघटनेत जायचो. घोषणा द्यायचो, भिंती रंगवायचो. कॅमेरा हा धंदा आणि चळवळ ही चळवळ, असं माझ्या डोक्यात होतं. दोन वेगळ्या पिशव्या.

त्या बुधवारी मी ऑर्डरला निघालो आणि वाटेत आरडाओरडा ऐकला. द्वारकाबाई म्हणजे पन्नाशीची आगरी बाई. सगळं आयुष्य मीठ ओढण्यात गेलेलं, टाचा मिठाने फुटलेल्या. दोन माणसांनी तिचा एक दंड धरला होता. दुसऱ्या हाताने तिने दाराची चौकट धरली होती. तोंड उघडं. पदर चिखलात. मी कॅमेरा काढला आणि एक फोटो मारला. ओढाताण चालूच होती. फोटो हलला हे मला बटण दाबतानाच कळलं.

मग माझी जीभ बोलली. सवयीने. "मावशी, इकडे बघा."

आणि तिने बघितलं.

चौकटीवरचा हात सुटला. तिने पदर उचलला, झटकला, डोक्यावर घेतला. त्या दोघांनीही तिला सोडलं. एकाने तर केसांवरून हात फिरवला, आपणही फोटोत येणार म्हणून. बाजूला तिची ट्रंक, हंडा, कळशी. आधीच बाहेर काढलेली, नीट रचल्यासारखी दिसत होती. मी म्हणालो, "हां, बस्स." दुसरा फोटो. स्वच्छ, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे.

माझा फोटो होईपर्यंत ते दोघे थांबले. मग त्यांनी चौकट पाडली. आता ती कोणी धरली नव्हती.

आणि मी साखरपुड्याला गेलो. हो, गेलो. नवरीला सांगितलं, जरा हसा.

दुसऱ्या दिवशी मी तो चांगला फोटो घेऊन मुंबईत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. हललेला छापलाच नव्हता. फोटो विभागातल्या माणसासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याने मला उभं ठेवलं.

"कुठून आलास?"

"भाईंदर."

"आडनाव?"

सांगितलं. त्याने मान हलवली, सगळं कळल्यासारखी. मग फोटो हातभर लांब धरून पलीकडच्या टेबलाला दाखवला. "अरे बघ, घर पडतंय आणि बाई पोझ देतेय! हळदीकुंकवाला आल्यात जणू!" दोघं हसले. मग माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाला, "बाळा, तुम्ही लोकांनी लग्नंबिग्नं काढावीत. बातमीचा फोटो म्हणजे कोणाचंही काम नव्हे. घरात तसे संस्कार लागतात."

मी म्हणालो, "हो सर."

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. जिना उतरताना अंग पेटलं होतं. पण जास्त कशाने जळलं ते सांगतो. माझ्या जातीबद्दल तो माणूस नीच बोलला. माझ्या फोटोबद्दल खरं बोलला.

चार दिवसांनी बिल्डरचा मॅनेजर स्टुडिओत आला. "अरे, फोटोग्राफर साहब! प्रेस में देते हो ना आप?" स्वतःच्या हाताने मला खुर्ची पुढे केली. "उस दिन का एक कॉपी चाहिए. साइट का रेकॉर्ड रखना है, बस."

तो कोण आहे ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण चार दिवस तो 'हो सर' माझ्या घशात अडकला होता आणि हा मला साहब म्हणत होता. मी कॉपी दिली. मागे स्टुडिओचा शिक्का मारला. खाली माझी सही. सही करताना बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

द्वारकाबाईंनी तक्रार केली होती. सरकारी कचेरीत सुनावणी लागली. संघटनेतर्फे मी त्यांच्या सोबत गेलो, काखेत पत्रकांचा गठ्ठा. मॅनेजरने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, बाई अपनी मर्जी से निकली. सामान रचून ठेवलाय, डोक्यावर पदर हाय. जबरदस्ती किधर दिखती है? आणि फोटो आमचा नाय. त्यांच्याच माणसाचा हाय. मागे सही बघा."

अधिकाऱ्याने फोटो उलटा केला, सुलटा केला. मग द्वारकाबाईंच्या हातात दिला. तिने तो पहिल्यांदाच बघितला. ती ओरडली नाही. माझ्याकडे वळली.

"पोरा, तूच बोल्लास ना, इकरं बघ? मना वाटलं, तू आपला हाय. म्हून पदर घेतला."

बस, एवढंच.

मॅनेजर हसत म्हणाला, "बोलो साहब, आपने ही खींचा ना?"

मी म्हणालो, "फोटो मी काढला. हा फोटो खोटा आहे. मी उभी केली म्हणून ती उभी राहिली. ह्याच्या आधीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात हिला ओढतायत."

"मग तो आधी का नाही दिलात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हलला होता, म्हणून."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं.

त्याच दुपारी मी तो छापला. चेहरे पुसलेले. पण बाईच्या दंडावर दोन पुरुषांचे हात होते. आणि चौकटीवर तिची पाच बोटं, एकेक मोजून घ्यावीत अशी. मी धावत कचेरीत नेऊन दिला. अधिकारी म्हणाला, "ह्यात कोणीच ओळखू येत नाही." फाईलला लावला. निकाल बाईंच्या विरुद्ध गेला. बाहेर मॅनेजर मला म्हणाला, "अब शादी का ऑर्डर भी नहीं मिलेगा इधर." मी म्हणालो, "मत दे." साहब म्हणवून घ्यायची हौस तिथे फिटली.

द्वारकाबाई चेणे गावात भावाकडे राहायला गेल्या. मी तिथे गेलो, माफी मागायला. त्यांनी बसायला सांगितलं नाही. मी हललेला फोटो पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या. "ती पदरवाली मी न्हाय."

"नाक्यावरच्या फळ्यावर लावू का, मावशी? नावासकट?"

"लाव. माफी नको मागूस. माफीनं भिंत उभी ऱ्हात न्हाय."

लावला. खाली त्यांचं नाव, जागा, वार, वेळ लिहिली, आणि काढणारा म्हणून माझं. लोक थांबून वाचत होते. वर्तमानपत्राने जे छापलं नसतं ते नाक्यावरच्या फळ्यावर छापलं गेलं.

तेव्हापासून दर रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात आम्ही बसतो. कॅमेरा असलेला कोणीही येतो. उत्तनची एक नर्स येते, एक रिक्षावाला येतो, घोडबंदरचा एक शिंपी येतो, त्याचा कॅमेरा मेहुण्याने दुबईहून आणलेला. मी त्यांना आधी माझा चांगला फोटो दाखवतो आणि हा गुन्हा आहे म्हणून सांगतो. नंतर हललेला. सहा वर्षं झाली, दर वेळी दाखवताना कान तापतात. तापू देत.

आता तुम्हाला सांगतो. तुमच्या कपाटात कॅमेरा आहे. वाढदिवसाचे आठ फोटो काढून अर्धा रोल तसाच पडलाय. खाली कुणाचं घर तुटताना तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे असता, चहाचा कप घेऊन, आणि 'आपण कुठे प्रेसवाले' म्हणता. प्रेसवाला यायच्या आत घर गेलेलं असतं. तिथे तुम्हीच असता. म्हणून तो कॅमेरा काढा. समोर जे चाललंय ते तसंच टिपा, कुणालाही नीट करू नका. जिच्यावर गुदरलंय तिला तिचं नाव विचारा आणि छापायला चालेल का ते विचारा. निगेटिव्ह कोणाच्या बापाला देऊ नका. कप ठेवा आणि जिना उतरा.