बैलाच्या वाढदिवसाला मोठा कॅमेरा

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, कल्याणच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आणि रविवारी पक्ष्यांचे फोटो काढते. माझा कॅमेरा नवशिक्यांचा. प्लास्टिकचा, हलका, पर्समध्ये डब्याशेजारी मावणारा. वरच्या चकतीवर चित्रं आहेत : डोंगर, फूल, पळणारा माणूस आणि एक हिरवा चौकोन. हिरव्या चौकोनावर ठेवलं की उजेड किती, वेग किती, फ्लॅश हवा की नको, सगळं तोच ठरवतो. आपण फक्त बटण दाबायचं. चार वर्षांत मी हिरवा चौकोन फारसा सोडलेला नव्हता.

खडवलीला नदीकाठी मी एका खंड्याचा फोटो काढला होता, चोचीत मासा असलेला. लॅबमधला माझा सहकारी त्याच बाजूच्या गावातला. त्याने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आठवड्याभरात त्याचे काका थेट लॅबमध्ये हजर. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड साखळी. मी त्यांना रिकाम्या पोटी आलेले पेशंट समजले.

"ताय, आमचे बैलाचा बर्थडे हाय," ते म्हणाले. "फोटू तुम्ही काराचे."

"बैलाचा?"

"सातवा."

बैल शर्यतीचा होता आणि पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. काकांनी कॅमेरा दाखवायला सांगितला. मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो तळहातावर ठेवला, जरा वर-खाली करून वजन पाहिलं.

"यो बारका हाय."

"अहो, तो पक्ष्याचा फोटो याच कॅमेऱ्याने काढलाय."

"पक्षी बारका व्हता," काका शांतपणे म्हणाले. "बैल मोठा हाय. कॅमेरा मोठा लागल."

शेजारच्या गावातल्या बैलाच्या वाढदिवसाला दोन मोठे कॅमेरे आले होते म्हणे, त्यामुळे इथे माघार शक्य नव्हती. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मलाही हाव सुटली. नदीकाठी हाताएवढ्या लेन्सा घेऊन येणारे लोक माझ्या कॅमेऱ्याकडे बघून "सुरुवात करायला छान आहे हो" म्हणायचे. चार वर्षं माझी सुरुवातच चालू होती. एकदा तरी तो मोठा कॅमेरा गळ्यात घालायचा होता.

डोंबिवलीत कॅमेरे भाड्याने देणारं एक दुकान आहे. तिथल्या माणसाने विचारलं, "शूट कसलं?"

"बैलाचा वाढदिवस."

तो जराही हसला नाही. "मग लांबची लेन्स घ्या, मॅडम. केक कापताना जवळ जाऊ नका."

त्याने काउंटरवर ठेवलेला कॅमेरा मी दोन्ही हातांनी उचलला. आत धातूचा सांगाडा. धूळ, पाण्याचे शिंतोडे चालतात. दोन कार्डं, एक बिघडलं तर दुसऱ्यावर फोटो राहतात. कमी उजेडातही स्वच्छ फोटो आणि बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा. मी चकती शोधली. हिरवा चौकोन नव्हता. डोंगर नव्हता, फूल नव्हतं, पळणारा माणूसही नव्हता.

"ऑटो कुठेय?"

"यात नसतो."

"आणि फ्लॅश?"

"तोही नसतो. वेगळा लावायचा. हा प्रोफेशनल आहे ना."

म्हणजे जितका महाग, तितकं काम आपल्यावर. त्याने पंधरा मिनिटांत मला सात बटणं शिकवली. घरी पोचेपर्यंत मला त्यातली तीन आठवत होती. नशिबाने माझा छोटा कॅमेराही पर्समध्ये होता, नेहमीच असतो.

वाढदिवस संध्याकाळी होता. गावाच्या वेशीवर बैलाचा बॅनर, डोळ्यांवर कॉम्प्युटरवर चढवलेला गॉगल. मंडपात लाल गालिचा, मध्ये टेबल, टेबलावर तीन मजली केक. उत्सवमूर्ती अंघोळ करून, शिंगं रंगवून, पाठीवर झूल घेऊन उभी होती. काकांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ए, ताईंना खुर्ची द्या. आन कॅमेऱ्यालाबी."

कॅमेऱ्याला खरोखरच वेगळी खुर्ची मिळाली. पाहुणे येऊन त्याच्या बाजूला उभे राहून मोबाइलवर फोटो काढून घेऊ लागले. कुणीतरी त्यालाही गंधाचा टिळा लावायला निघालं होतं, मी लेन्सवर हात ठेवून थांबवलं.

मग काम सुरू झालं. पहिला फोटो काळा. दुसराही काळाच. माझ्या आधी ज्याने तो भाड्याने नेला होता, त्याने भर उन्हात काहीतरी फार वेगाने पळणारं टिपलं असणार आणि सगळं तसंच ठेवलं होतं. मी एक चाक फिरवलं, फोटो पांढराफटक आला. दुसरं फिरवलं, पुन्हा काळा. छोट्या कॅमेऱ्याने हे सगळं इतकी वर्षं मला न सांगता केलं होतं आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"ताय, केक कापू?"

"कापा," मी म्हणाले आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबून धरलं.

मंडपात खटखटखटखट असा आवाज घुमला. बैलाचे कान ताठ झाले. पुढच्याच क्षणी तो सुटला. त्याची दोरी कुणीतरी केकच्या टेबलाला बांधली होती, त्यामुळे टेबलही सुटलं. केक गालिच्यावर, टेबल बैलामागे, बैल शेतात. आता हे लोक मला काय म्हणतील, याचाच विचार डोक्यात.

"त्याला वाटला झेंडा परला!" बैलाचा गडी ओरडला. शर्यत झेंडा पडला की सुटते.

आणि सगळा मंडप टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत बांधाकडे धावला. दोघांनी मोबाइलवर वेळ लावली. लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला होता. टेबल ओढत असूनही बैलाने चांगली वेळ दिली, असं दोन जाणत्यांचं मत पडलं.

मी मोठा कॅमेरा खुर्चीत बसवला, पर्समधला छोटा काढला, चकती पळणाऱ्या माणसावर फिरवली आणि धावत सुटले. बैल बांधाशी वळत होता. मागे मावळतीचा तांबूस उजेड, झूल हवेत, एका शिंगावर केकचं गुलाबी फूल. मी एकच फोटो काढला. तेवढ्यात त्याने थांबून पुढ्यातलं गवत खायला घेतलं.

काकांनी तो फोटो कल्याणला मोठा करून आणला आणि दिवाणखान्यात लावला. सहकाऱ्याबरोबर मी तो बघायला गेलेले. काठावर रेषा जरा फुटल्या होत्या, पण ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, मोठ्या कॅमेऱ्याची बातच वेगळी.

मला राहवलं नाही. काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, हा मोठ्याने नाही काढला. मोठ्याचे सगळे काळे नाहीतर पांढरे आले. हा त्या बारक्याने काढलाय."

काकांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे.

"ताय," ते हळूच म्हणाले, "कोनाला सांगू नको. बैलाचे इज्जतीचा सवाल हाय."

मग मोठ्या आवाजात त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.