हळदीच्या मांडवात दंतसूत्र

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता, आणि वर तिनं मलाच दोष दिला.

तर मला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. लोकांना एमबीबीएस हवं असतं आणि ते नाही जमलं की ते दाताकडे वळतात. माझं उलटं! मला लहानपणापासून दातच आवडायचे. समोरचा माणूस बोलायला लागला की मी त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायचे. घरात हे कोणालाच पटत नव्हतं. आमची आत्या तर म्हणायची, "दात काढायला पाच वर्सं शिकाया लागतं? आमचा आजा दोरीनं काढायचा, दाराला बांधून!"

पहिल्या वर्षी नीटला माझे मार्क थोडेसेच कमी पडले. कशात? बायोलॉजीत! म्हणून दुसऱ्या वर्षी मी घरी बसले आणि बायोलॉजीच्या मागे हात धुऊन लागले. बाबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "ही शेवटची. याच्यानंतर गुपचूप बी.कॉम." क्लास मी लावला नाही, कारण आपल्याला कशाला क्लास, आपण हुशार! ओळखीतल्या एका ताईचं पुस्तक मागून आणलं. जरा जुनं होतं, पण माणसाचं शरीर काय दरवर्षी बदलतं का?

अभ्यासाची माझी एक खास पद्धत होती. जे पाठ होत नाही ते मी फोनवर माझ्याच आवाजात रेकॉर्ड करायचे आणि हेडफोन लावून ऐकत बसायचे. आता नुसती व्याख्या ऐकली तर झोप येते. म्हणून मी मध्ये मध्ये ओळखीच्या माणसांची उदाहरणं घालायचे. आत्या, काका, पाहुणे, जो आठवेल तो. माणूस आठवला की धडा आठवतो! या युक्तीचा मला फार अभिमान होता.

आणि नेमकी त्यातच आली प्रणालीची हळद.

प्रणाली म्हणजे आत्याची मुलगी. आत्या गावातच दिलेली, आमच्या घराची मागची भिंत आणि तिच्या अंगणाची भिंत एकच. आम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालो. आणि पावणे गावातल्या आम्हा आगरी लोकांत लग्नाला नाही गेलात तर एक वेळ लोक विसरतील, हळदीला नाही गेलात तर तुमच्या नातवंडांना ऐकवतील! परीक्षा रविवारी आणि हळद त्याच्या आधीच्या गुरुवारी. एकदा मांडवात शिरलं की आधी हळद, मग जेवण, मग नाच, आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले. माझा अख्खा पचनसंस्थेचा धडा बाकी होता. दात त्यातच येतात हो! दातांची डॉक्टर होणार आणि दातच कच्चे?

मग मी डोकं चालवलं. ताप आलाय सांगितलं तर आत्या पेज घेऊन येईल. पोट बिघडलंय सांगितलं तर काढा घेऊन येईल. असा आजार पाहिजे की कोणी जवळच येणार नाही. बायोलॉजीची विद्यार्थिनी ना मी! आत्याला फोन लावला आणि खोल गेलेल्या आवाजात सांगितलं, "आत्या, मला कांजिण्या आल्यात."

आई भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "तुझ्या खोट्यात मना घेव नको. कोनी विचारला तर मी खरा सांगेन."

पण विचारतंय कोण! कांजिण्या म्हणजे देवी आली. थोड्याच वेळात आमच्या दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. आत्यानं लांबूनच हात जोडले, माझ्याशी नाही, देवीशी. "आई, पोरीचा अभ्यास हाय, हलक्या हातान घे," म्हणाली. मला हसू पण आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं पण झालं.

हळदीच्या दिवशी आई-बाबा मांडवात गेले. मामा-मामी ते, त्यांच्याशिवाय हलणार कसं? मी खिडक्या गच्च लावल्या, हेडफोन चढवला आणि माझंच रेकॉर्डिंग लावलं.

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. प्रणालीचा भाऊ संदेश, त्याचा साउंडचा धंदा. आदल्या गणपतीत त्याच्या साउंडवर सगळी गाणी माझ्या फोनवरून ब्लूटूथनं वाजली होती. मी ते विसरले होते. फोन विसरला नव्हता.

मध्येच हेडफोन गप्प झाला. स्क्रीनवर बघते तर रेकॉर्डिंग चालू. म्हटलं, आवाज कमी झाला असेल. वाढवला. तरी काही नाही. मग पूर्ण वाढवला.

आणि माझा आवाज आला! पण कानात नाही. भिंतीतून, खिडकीतून, पलंगाखालून! फळीवरचे स्टीलचे डबे थरथरायला लागले. मला काय वाटलं असेल? तुम्हाला शपथेवर सांगते, मला भरून आलं. म्हटलं, झाला अभ्यास! इतकं पाठ झालंय की हेडफोन नसला तरी ऐकू येतंय! मी डोळे मिटून शांतपणे ऐकत बसले.

तिकडे मांडवात काय चाललं होतं ते मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. अजूनही सांगतात. प्रणाली पाटावर बसलेली. द्रोणागिरीहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आलेली, सासूबाई पुढे. म्हातारी धवलारीण लग्नाचे धवले गात होती, म्हणून संदेशनं गाणी थांबवलेली, साउंड नुसताच चालू. धवलारीण दम घ्यायला थांबली आणि सगळ्या स्पीकरमधून मी सुरू झाले.

"मयुरी, लक्ष दे! अन्न मोठ्या आतड्यात येतं आणि तिथे निवांत पडून राहतं. आठव, आत्याकडचे पाहुणे!"

आत्याकडचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

"पित्ताचा रंग हिरवट पिवळा. आठव, प्रणालीच्या सासूची साखरपुड्यातली साडी!"

सासूबाई नेमक्या तीच साडी नेसून आल्या होत्या. काय म्हणावं नशिबाला!

"आता पुढचे पटाशीचे दात. आठव, प्रणालीचा नवरा. आधी दात येतात, मागून तो येतो!"

संदेश जेवायला बसला होता. तो उष्ट्या हातानं धावत आला आणि घाईत भलतंच बटण दाबलं. माझा आवाज बंद व्हायच्या ऐवजी त्याच्याखाली ढोलाचा ठेका सुरू झाला. आणि रेकॉर्डिंगमध्ये नेमकं दंतसूत्र आलेलं. पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन. पाठ व्हावं म्हणून मी ते घोकून ठेवलेलं, "दोन एक दोन तीन! दोन एक दोन तीन!"

आमच्या लोकांना ठेका मिळाल्यावर काय पाहिजे! अर्धा मांडव उठला. हात वर, कमरेत झोका, आणि एका सुरात, "दोन एक दोन तीन!"

घरात मी डोळे मिटून बसलेली. आणि पहिल्यांदा मला शंका आली. आवाज माझा, ते ठीक आहे. पण माझ्या डोक्यात ढोल कुठून आला?

झटक्यात फोन बंद केला. पण तोवर कडुलिंब बाजूला सारून आत्या आत आली होती, हातभर हळद माखलेली.

"कुठं हायत कांजिन्या? दाखव!"

"गेल्या."

"कदी?"

"आत्ताच."

आत्यानं माझं मनगट धरलं ते थेट मांडवात सोडलं. सगळे हसत होते. प्रणाली तेवढी हसत नव्हती. हळदीनं पिवळा झालेला तिचा चेहरा, आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी वाट काढत चाललेलं.

"तू आजारी हाय म्हनून मी नवस बोलले गो," ती म्हणाली. "तुझ्यासाठी जागा ठेवली बाजूला. आनि तू पलीकडं बसून माझ्या नवऱ्याचं दात मोजतेस?"

सगळ्या चेष्टेत ते एक खरं होतं. ही माझी प्रणाली, आणि मी तिला चार पानांसाठी फसवलं होतं. मी हळदीची वाटी उचलली, तर तिनं गाल फिरवला. "आधी सॉरी बोल. सगल्यांसमोर."

संदेशनं माझ्या हातात माइक दिला. मी आत्याला सॉरी म्हटलं, पाहुण्यांना म्हटलं, सासूबाईंना म्हटलं, साडी छान आहे असंही म्हटलं. "आणि प्रणाली, हा शेवटचा चान्स आहे ग माझा. त्या धड्याशिवाय मला दाताला ॲडमिशनच मिळणार नाही. म्हणून नाही आले. चुकले."

प्रणाली जरा विरघळली. शिक्षण म्हटलं की ती आधीपासून माझ्या बाजूची. "बरं," ती म्हणाली. "धड्यासाठी सोडते तुला." आणि गाल पुढे केला.

मी हळद लावणार, एवढ्यात सासरच्यांतली एक बाई मला हळूच कोपऱ्यात घेऊन गेली. स्वप्नाताई, नवऱ्याची मोठी बहीण. तोंडावर पदर धरून हसत होती. पदर खाली आला तेव्हा मला कळलं की भावाचे दात आले कुठून. मी जमिनीत जायच्या बेतात.

"घाबरू नको, दातांचं बरोबर बोललीस," ती म्हणाली. "मी बेलापूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. मला एक सांग, पुस्तक कुठलं वापरतेस?"

मी सांगितलं.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी मायेनं म्हणाली, "अग, तो पचनाचा धडा अभ्यासक्रमातून काढलाय. परीक्षेला नाहीच येत तो."

"काय?"

"दात, आतडी, पित्त, सगळंच गेलं. कोणाला सांगू नको आता. आपल्या दोघींत राहू दे."

राहिलं असतं हो! पण मांडवात एवढी शांतता का पसरली म्हणून मी वळून बघितलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. आणि माझ्या मुठीत, हनुवटीखाली, तो माइक तसाच होता. चालू.

धवलारीण म्हातारी पहिली बोलली. "म्हंजे ही परीक्षेला नाय त्याचाच अभ्यास करीत व्हती?"

प्रणाली पाटावरून उठली. हळदीची अख्खी वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कांजिन्या काढल्यास. माझी हलद बुडवलीस. माझ्या नवऱ्याचं दात गावभर केलंस. आनि तो धडा परीक्षेलाच नाय?"

"नाय," मी म्हटलं. माइकमध्येच.

तिनं ती वाटी माझ्या तोंडावर रिकामी केली आणि मला मिठी मारली. ती इतकी हसत होती की तिला धरून ठेवावं लागलं. मग मी पण हसले, मग रडले, आणि मागून संदेशनं ठेका लावला. त्या दिवशी सगळ्यांत जास्त कोण नाचलं असेल? शुक्रवारी माझे पाय सुजले होते.

स्वप्नाताईनं लग्नाच्या धावपळीतसुद्धा मला फोनवर बाकीचे धडे विचारून घेतले. मी पिवळ्या नखांनी परीक्षा दिली आणि दाताला ॲडमिशन मिळवली. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मॅडमनी दंतसूत्र विचारलं. मी उभी राहिले, बरोबर सांगितलं, आणि सगळा वर्ग माझ्या कमरेकडे का बघतोय ते मला तीन म्हणून झाल्यावर कळलं.

भावजी मात्र अजून फोटोत तोंड मिटून हसतात. मी डॉक्टर झाले की पहिला पेशंट तेच, हे प्रणालीनं ठरवूनच टाकलंय. तिची एकच अट आहे. भावजींनी तोंड उघडायच्या आधी माझा फोन बाहेर गेला पाहिजे.