तळाचं पाणी

काल समोरच्या बाल्कनीत सुलभाकाकू कडुनिंबाचा पाला वाटून काढलेला रस कमळाच्या कुंडीत ओतत होत्या. हे कमळ काकांनी लावलेलं. गेल्या वर्षी ते डेंग्यूने गेले. परवा कुंडीत डासांच्या अळ्या दिसल्यावर फवारणीवाला म्हणाला, "पाणी फेकून द्या." काकूंनी ऐकलं नाही. "वरची भर मी घालत असले, तरी तळाचं पाणी ह्यांनी भरलंय," म्हणाल्या.

माणूस गेल्यावर आपणही दुखरं तेवढं मारून बाकी सगळं जपू बघतो. जमतं कुठे?

आज सकाळी काकू कुंडीवर वाकलेल्या दिसल्या. मी इकडूनच विचारलं, "मेल्या का हो अळ्या?"

"मेल्या," त्या म्हणाल्या, आणि कमळाचं पान सारून पाण्यात डोकावल्या. "आता ह्यात काहीच हलत नाही गं."